पिशवीबरोबर काय गेलं

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर माझी गर्भाशयाची पिशवी काढली. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. दोन वर्षांनी माझ्या धाकट्या जावेची काढली, तेव्हा ती छत्तीसची होती. माझं ऑपरेशन डॉक्टरांनी ठरवलं. तिचं मी ठरवलं. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली, म्हणून तेच आधी लिहून टाकते.

मी वटारला राहते. आमची केळीची आणि फुलांची वाडी आहे, ती आमचे हे बघतात. मी आगाशीच्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं. गावात सगळे मला बाई म्हणतात. कोणाला फॉर्म भरून हवा असो, दाखल्याचा अर्ज लिहून हवा असो की मुलीला पुढे शिकवावं का विचारायचं असो, लोक बाईंकडे येतात. मलाही ते आवडायचं. दुसऱ्याला सांगायला मला कधीच जड गेलं नाही. आजारपणाबद्दल लिहिताना हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण माझ्या आजारपणात वजन आणि साखर जितकी आहे, तितकाच माझा हा स्वभावही आहे.

सात दिवस

चाळिशी ओलांडली आणि पाळी बिघडली. दहा-दहा, बारा-बारा दिवस अंगावरून जायचं. वर्गात मुलांकडे पाठ करायची भीती वाटायची, म्हणून फळ्यावर लिहायचं काम मी एखाद्या मुलीला सांगायचे. जिना चढताना दम लागायचा. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहावर आलं होतं.

विरारच्या एका नर्सिंग होममध्ये दाखवलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि विचारलं, "मुलं किती?"

"दोन."

"मग आता या पिशवीचं काम संपलं, बाई. ठेवून काय करणार? उद्या त्यात काही वाईट निघालं तर? काढून टाकू. एकदाच काय तो निकाल."

'काही वाईट निघालं तर' हे ऐकल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही. एरवी मुलाने गैरहजेरीचं कारण सांगितलं तरी मी चार प्रश्न विचारणारी. तिथे मात्र मान हलवली आणि तारीख घेतली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने एक छापील कागद आणला. इंग्रजीत होता. यांना सही कुठे करायची ते समजेना, तेव्हा मीच खाटेवरून उठून त्या जागेवर बोट ठेवलं. मला इंग्रजी वाचता येतं. भराभर नाही, पण येतं. तो कागद माझ्या हातात मिनिटभर होता.

तिथले सात दिवस मला अजून आठवतात, आणि खरं सांगायचं तर ते चांगले गेले. सहा खाटांची खोली, फिनेलचा वास, सकाळी सहाला कोमट पाणी घेऊन येणारी आयाबाई. पहिल्यांदा उठवून चालवलं तेव्हा टाके ताणले जाऊन डोळ्यांत पाणी आलं. आयाबाईने कमरेला हात घातला आणि म्हणाली, "माझ्याकडे बघ, जमिनीकडे बघू नको." तिच्या आधाराने मी दारापर्यंत गेले. लग्न झाल्यापासून सात दिवस कोणी मला आयतं जेवण हातात दिलं नव्हतं. पातळ पेज होती, पण आयती होती.

घरी सोडताना फाईल दिली आणि सहा आठवड्यांनी दाखवायला सांगितलं. सहा आठवड्यांनी शाळेत घटक चाचणीचे पेपर आणि त्यावर लगेच पोलिओची ड्यूटी होती. मला बरं वाटत होतं. मी गेले नाही. फाईल कपाटात साड्यांखाली ठेवली.

त्या सव्वीस जानेवारीला मी पांढरी साडी नेसून झेंडावंदनाला गेले. कितीतरी वर्षांनी पांढरी साडी नेसले होते. मैदानात उभी असताना वाटलं, सुटले मी एकदाची. आणि त्या दिवसापासून जी बाई पाळीची तक्रार घेऊन यायची तिला मी सांगू लागले, काढून टाक गं, काही होत नाही.

घाम

ऑपरेशननंतर तीनेक महिन्यांनी वर्गात शिकवता शिकवता छातीतून एकदम जाळ उठल्यासारखं झालं. मान, कान, चेहरा तापला आणि पुढच्याच मिनिटाला पाठ घामाने भिजली. फेब्रुवारीचे दिवस होते, मुलं स्वेटर घालून बसली होती. मग हे रोजचं झालं. झोप तुटक झाली. गुडघे दुखायला लागले. मी चिडचिडी झाले. एकदा पाढा चुकला म्हणून एका मुलीला एवढं बोलले की ती दुसऱ्या दिवशी शाळेतच आली नाही.

आणि वजन. लग्नात मी पंचेचाळीस किलोची होते, दोन बाळंतपणांनंतर बावन्न. ऑपरेशननंतर तीन वर्षांत अडुसष्ट झाले. हातपाय तसेच राहिले, सगळं पोटावर आलं. जेवण वाढलं नव्हतं. मी ते एकदा आठवडाभर मोजून बघितलं, भाकऱ्या आधी होत्या तेवढ्याच होत्या. पण कोणाला सांगणार? आमचे हे वाडीतून आले की म्हणायचे, "शाळेत खुर्चीत बसून बसून झालंय हे. वाडीत ये चार दिवस, उतरेल." ते वाईट हेतूने बोलत नव्हते. मलाही तसंच वाटायचं. मी आळशी झाले, माझा खाण्यावर ताबा राहिला नाही, हे मी स्वतःच मनाशी पक्कं केलं होतं. ऑपरेशनशी त्याचा काही संबंध असेल हे डोक्यात आलंच नाही असं मात्र म्हणवत नाही. एक-दोनदा आलं. मी ते बाजूला सारलं. ज्या गोष्टीचं गावभर कौतुक केलं होतं, तिला नाव कसं ठेवायचं?

मग मी उपास धरले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. उपासाला साबुदाण्याची खिचडी, रताळी, आणि घरचीच राजेळी केळी. आमच्याकडे ती सोलून उन्हात वाळवतात, त्याला सुकेळी म्हणतात. मधासारखी गोड असतात. जेवण नाही म्हणून मी दिवसभरात पाच-सहा सुकेळी खायचे आणि वजन काट्यावर वाढलेलं दिसलं की पुढच्या आठवड्यात आणखी एक उपास वाढवायचे.

शैला

शैला माझी धाकटी जाऊ. दीर मुंबईत नोकरीला, त्यामुळे त्यांनी वसईला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला होता. शैला पुण्याकडची, बोलकी, हसरी. सणावाराला वटारला आली की माझ्यामागे स्वयंपाकघरात फिरायची. "ताई, तुम्ही कसं करता हो एवढं सगळं?" हे तिचं नेहमीचं वाक्य. मला बहीण नाही. मला ती फार आवडायची, आणि तिला मी आवडते हे त्याहून जास्त आवडायचं.

नव्व्याण्णव साली तिला तोच त्रास सुरू झाला. वसईच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं की गाठ लहान आहे, सहा महिने गोळ्या घेऊन बघू, घाई नको. ती गणपतीला आली तेव्हा दुपारी मागच्या पडवीत बसून मला विचारत होती.

"गोळ्या किती दिवस खाणार तू?" मी म्हणाले. "आज थांबेल, परत सुरू होईल. काढून टाक. मला बघ."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचं माहेर अर्नाळ्याकडचं आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. त्या म्हणाल्या, "तिचं वय काय गं? आमच्या वेळी कोनी असं काढीत नव्हतं. डॉक्टरीन थांब म्हनते तर थांबा की."

"आई, तुमच्या वेळी बायका मरायच्या," मी म्हटलं. त्या पुन्हा भाजी निवडू लागल्या.

शैला थोडा वेळ घुटमळली. मग हळूच म्हणाली, "ताई, नंतर काही त्रास होतो का? खरं सांगा हं."

तेव्हा माझ्या ब्लाऊजची पाठ ओली झाली होती. मी पदर ओढून घेतला होता तो त्यासाठीच. आदल्या तीन रात्री मी नीट झोपले नव्हते. मी म्हणाले, "काही नाही गं. उलट मोकळं वाटतं."

का म्हणाले? मला तिचं वाईट करायचं नव्हतं. मला लाज वाटली. घाम, चिडचिड, पोट हे सगळं माझ्याच ढिलेपणामुळे आहे असं मी धरून चालले होते, आणि जी मला 'तुम्ही कसं करता' म्हणायची तिच्यासमोर मला ते कबूल करायचं नव्हतं.

दिवाळीनंतर मी तिला त्याच नर्सिंग होममध्ये नेलं. डॉक्टरांनी मला ओळखलं, "काय बाई, पेशंट आणलात का?" म्हणून हसले. मीही हसले. मी शाळेतून चार दिवस रजा काढली आणि तिच्या खाटेशेजारी बसले. सगळे म्हणाले, जाऊ असावी तर अशी.

एकादशी

पुढच्या तीन वर्षांत शैलाचं वटारला येणं कमी झालं. आली तरी एका जागी बसून राहायची. ती माझ्याहून जास्त सुटली होती. दीर एकदा तिच्यासमोरच म्हणाले, "वहिनी, हिला सांगा जरा. सगळा दिवस झोपून असते." आणि मी सांगितलं. हो, मी तिला पहाटे उठून चालायला जा म्हणून सांगितलं. नंतर घरात यांच्याशी बोलताना "शैलाने अंग सोडलंय" असंही म्हणाले.

दोन हजार तीन साली आमच्या शाळेत गावासाठी साखर तपासणीचं शिबिर भरलं. फळ्यावर 'मधुमेह टाळा' हे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, खाली रंगीत खडूची नक्षी काढून. बायका बोट टोचून घ्यायला बिचकत होत्या. म्हणून, बघा, काही होत नाही, असं म्हणत मी पहिली खुर्चीत बसले.

तपासणाऱ्या मुलीने यंत्राकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही. आज एकादशी आहे. पाणी तेवढं प्यायले."

"दुसरं बोट द्या."

दुसऱ्या बोटाचंही तेच आलं. दोनशे बासष्ट. ती हळू आवाजात म्हणाली, "उपाशीपोटी हे फार आहे, बाई. लगेच डॉक्टरांना दाखवा." मागे रांगेत पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. मी उठले आणि पुढच्या बाईला म्हटलं, "बस, काही दुखत नाही." दिवसभर नोंदी लिहीत राहिले. संध्याकाळी खोली झाडून, कुलूप लावून घरी चालत निघाले. रस्त्याकडेला एका कट्ट्यावर बसले. माझ्या वडिलांचा पाय साखरेने गेला होता. त्यांच्या शेवटच्या वर्षी पट्टी मीच बदलायचे. मला फक्त तो पाय दिसत होता.

फाईल

वसईतल्या ज्या डॉक्टरांकडे गेले ते वयस्कर होते, घाई न करणारे. त्यांनी वजन, कंबर, वडिलांचं दुखणं, सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "पाळी कधी गेली?"

"सत्त्याण्णवला पिशवी काढली."

"नुसती पिशवी काढली की अंडाशयही काढले?"

मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या पोटातून काय काढलं ते माहीत नव्हतं.

"फाईल असेल ना? घेऊन या," ते म्हणाले.

घरी आले आणि साड्या खाली काढून फाईल काढली. शेवटच्या पानावर स्वच्छ टाईप केलेलं होतं की गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय काढले आहेत. त्याखाली, सहा आठवड्यांनी तपासणी, हार्मोनच्या गोळ्यांबद्दल तेव्हा ठरवू. एवढंच. सहा वर्षं ते साड्यांखाली पडून होतं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी समजावलं ते मला समजलं तसं सांगते. स्त्रीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचा हार्मोन तयार होतो. पाळी वयानुसार जाते तेव्हा तो हळूहळू कमी होत जातो. माझा एका सकाळीत संपला होता. तो गेला की चरबी मांड्यांवर, कमरेवर बसायची ती पोटात साठायला लागते, आणि शरीर इन्सुलिनला पहिल्यासारखं दाद देत नाही.

"सगळं त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांकडूनही आलंय. त्यात तुमचे उपास. उपाशी राहायचं आणि मग साबुदाणा, केळी खायची, हे तर साखरेला आमंत्रणच झालं. पण बेचाळिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशय काढलेली बाई, वडिलांना मधुमेह, म्हणजे दर सहा महिन्यांनी रक्त बघायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही?"

"मी परत गेलेच नाही," मी म्हटलं.

"आळशीपणा नव्हता तो, बाई," जाताना ते म्हणाले. "चरबीचा दोष स्वतःकडे घेऊ नका."

हे वाक्य कोणीतरी सहा वर्षं आधी बोलायला हवं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी खूप रडले. शेजारच्या अनोळखी बाईने तिचा रुमाल दिला आणि काहीही विचारलं नाही.

घरी मी यांना फाईल दाखवली आणि रागाने म्हणाले, "तुम्ही सही केली होती यावर."

त्यांनी कागद हातात घेतला. "तू बोट ठेवलंस तिथे केली," ते म्हणाले. "मला वाटलं, तू वाचलं असशील."

मी फाईल मिटली. त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वाडीत जायच्या आधी ते माझ्याबरोबर कळंबच्या रस्त्याने चालायला यायला लागले. त्यांचा वेग जास्त. ते पुढे जायचे, मग वळून उभे राहायचे, मी पोचले की परत चालायला लागायचे. 'खुर्चीत बसून' हे शब्द त्यांच्या तोंडून मी परत कधी ऐकले नाहीत.

मी केलेला फोन

दवाखान्यातून आल्याच्या आठवड्यात मी शैलाला फोन केला. तिचेही अंडाशय काढले असणार हे मला कळत होतं. तेच नर्सिंग होम, तेच डॉक्टर. फोन उचलल्यावर ती थकलेल्या आवाजात बोलली. मी म्हणाले, "अगं, सहज म्हणून एकदा साखर तपासून घे."

"मला कशाला? आमच्या घरात कोणाला नाही."

"तरीपण. या वयात करावं."

"बघते," ती म्हणाली.

एवढंच बोलले मी. माझी साखर निघाली हेसुद्धा सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर तिने का, कसं विचारलं असतं, आणि मग मला ती पडवीतली दुपार उकरावी लागली असती. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं असं तरी म्हणता येतं. या वेळी सगळं माहीत होतं.

पाच महिन्यांनी दिरांचा फोन आला. शैलाच्या पाठीवर काळपुळी उठली होती. तीन आठवडे ती घरीच लेप लावत होती. ताप उतरेना म्हणून नेलं तर साखर चारशेच्या वर. ऑपरेशन करून पाठीचा मोठा भाग साफ करावा लागला होता.

अकरा दिवस

मी रजा टाकली आणि वसईला गेले. शैला पालथी झोपलेली होती. मला बघून म्हणाली, "आलात, ताई." तिचे डोळे खोल गेले होते.

दवाखान्याचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी साखर, मग इन्सुलिन, मग चहा. दहा वाजता ड्रेसिंग. जखम उघडी ठेवली होती, आतली पट्टी रोज काढून नवी भरायचे. तेव्हा तिचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. अकराला सगळं संपलेलं असायचं आणि ती घामेजून पडलेली असायची. मग दुपार. दुपारी खिडकीतून लांबवर मिठागरं चकाकताना दिसायची आणि दोघींना बोलायला काही नसायचं.

चौथ्या दिवशी दुपारी मी बोलले.

"शैला, तू मला एकदा विचारलं होतंस, ऑपरेशननंतर काही त्रास होतो का."

तिने मान माझ्याकडे वळवली.

"मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. मला तेव्हा सगळं होत होतं. घाम, झोप नाही, वजन, सगळं."

"मग का सांगितलं नाहीत?"

"लाज वाटली. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. आणि मागे फोन केला तेव्हा मला साखर निघालेली होती. ती कशामुळे हेही कळलं होतं. तेव्हाही बोलले नाही."

तिने उशीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाली, "मलाही तेच वाटायचं, ताई. माझंच चुकतंय. हे रोज बोलायचे. मी म्हणायची, ताईंचंपण तेच ऑपरेशन झालं, त्या बघा शाळा करतात, घर करतात, आणि मला साधं उठवत नाही. दोनदा मी गच्चीवर जाऊन उभी राहिले होते. सायली शाळेतून यायची वेळ झाली म्हणून खाली आले." सायली तिची मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची. "तुम्ही एवढं जरी बोलला असतात ना, की मलापण होतं."

मी तिच्या हाताला हात लावायला गेले. तिने हात उशीखाली घेतला.

"खाट जरा खाली करा," ती म्हणाली. "झोपायचंय मला."

संध्याकाळी दीर आले आणि अवघडून म्हणाले, "वहिनी, उद्यापासून हिची बहीण मनीषा येतेय. तुम्ही दमला असाल." मी डबा आवरला आणि घरी आले.

तीन दिवस मी शाळेतही गेले नाही, तिकडेही गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी शैलाचाच फोन आला. "मनीषाला रक्त बघवत नाही. ड्रेसिंगच्या वेळी बाहेर जाते. तुम्ही याल का?"

मी गेले. राहिलेले दिवस रोज दहा वाजता मी तिच्या उशाशी उभी राहायचे आणि ती माझं मनगट दोन्ही हातांनी धरायची. नखांच्या खुणा उमटायच्या. दुसरं काही धरायला नव्हतं म्हणून धरत असेल. मी त्याचा जास्त अर्थ काढत नाही. पण त्या आजारपणात मला मिळालेलं चांगलं काय, असं कोणी विचारलं तर मी ते मनगट सांगेन.

त्यानंतर

शैलाची पाठ भरून यायला चार महिने लागले. साखर आता गोळ्यांवर आणि सकाळच्या एका इंजेक्शनवर आहे. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात साधी घसरली आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत, तेही तो हार्मोन गेल्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले. पंचेचाळिसाव्या वर्षी. माझी साखर आटोक्यात आहे, वजन साठवर आलं आहे. उपास सोडले. सुकेळी घरात होतात, मी खात नाही. सासूबाई दोन हजार पाचला गेल्या. त्या दुपारी त्यांचं बरोबर होतं, हे मला त्यांना सांगायचं होतं. रोज म्हणायचे, आज सांगू. राहून गेलं.

पिशवी काढू नका असं मी म्हणत नाही. माझं रक्त साडेसहावर आलं होतं, मला काहीतरी करायला हवंच होतं. काहींना तर जिवासाठी काढावी लागते, अंडाशयही काढावे लागतात, त्यांनी मागेपुढे बघू नये. माझं म्हणणं एवढंच आहे की काय काढणार आणि काय ठेवणार ते आधी विचारा. कागद वाचा, वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या. सांगितलेल्या तारखेला परत जा. नंतर पोट वाढायला लागलं, अंग तापायला लागलं तर स्वतःला दोष देत बसू नका, रक्त तपासा. आणि तुम्हाला दुसऱ्या कोणी विचारलं, तर तुमच्यावर जे गुदरलं ते सगळं सांगा. लाज वाटली तरी सांगा.

शैला आणि मी बोलतो. सणाला एकत्र असतो. ती मला अजून ताईच म्हणते. पण काही विचारत नाही. भाजीत मीठ किती घालू हेसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे एव्हरशाईनला गेले होते. ती ओट्याशी चहा करत होती, तेवढ्यात मनीषाचा फोन आला. नाशिकच्या डॉक्टरांनी तिलाही पिशवी काढायला सांगितली होती. शैलाने गॅस बारीक केला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरला दाखव. अंडाशय ठेवणार का ते विचार, आणि कागदावर लिहून घे. साखर आधी बघ आणि नंतरही बघत राहा. आणि हे बघ मनू, घरातल्या कुठल्या बाईचं ऐकून काही ठरवू नकोस. कितीही मायेची असू दे. माझंसुद्धा नको."

मी टेबलापाशी समोरच बसले होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि आवाजही खाली केला नाही. ते मला लागावं म्हणून ती बोलली नव्हती. बहिणीला जे सांगायला हवं होतं, ते ती सांगत होती.